रंगाच्या डब्याचे झाकण



आजचा विषय वाचून काही जण हसतील. या सदरात आपण मुलांच्या फीबद्दल बोललो, बचत गटाच्या वहीबद्दल बोललो, रेशनकार्डातल्या नावांबद्दल बोललो. आज बोलायचे आहे रंगाच्या डब्याबद्दल, आणि त्यातही त्याच्या झाकणाबद्दल. "झाकणावर काय लेख लिहिणार?" असे आमच्या घरच्या मंडळींनीही विचारले. पण याच झाकणाने आमचे पैसे बुडवले, आमच्या वस्तीतल्या एका लेकराला दवाखान्यात नेले आणि आमची बी.कॉम.ची पदवी आमच्या आईपुढे उघडी पाडली. म्हणून हा लेख.

आपल्या घरांना रंग केव्हा लागतो? घरात लग्न ठरले, जयंती जवळ आली, नाहीतर पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन पोपडे पडले, तेव्हा. रंगाऱ्याला बोलवावे तर बहुतेक वेळा रंगापेक्षा मजुरीच जास्त होते. मग घरातलाच कर्ता माणूस दोन रविवार मोडून ब्रश हातात घेतो. यात कमीपणा नाही, उलट कौतुकच आहे. मात्र रंग कसा लावायचा हे सगळे विचारतात, डबा कसा सांभाळायचा हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

गोष्ट २०१३ सालची. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते. आमची खोली दहा बाय पंधराची, त्यातच मोरी, त्यातच ओटा आणि वर माळा. भिंतींना डिस्टेंपर आणि दार-खिडकी-कपाटाला ऑइलपेंट असा बेत ठरला. दिवसभर कार्यालयात आकडे नीट मांडणारा माणूस, त्याला रंगाचे काय अवघड, अशा तोऱ्यात आम्ही कामाला लागलो.

ऑइलपेंटचा चार लिटरचा पत्र्याचा डबा आम्ही ओट्यावरच्या चमच्याने उघडला. एकाच जागी चमचा खुपसून जोर लावला. चमचा वाकला आणि झाकणही एका बाजूने वाकले. रंगाने माखलेले ते झाकण आम्ही तसेच मोरीच्या दाराशी लादीवर ठेवले. ब्रश बुडवायचा, डब्याच्या काठावर निथळायचा आणि दाराला लावायचा, असे काम सुरू झाले. तासाभरात काठाची खाच रंगाने तुडुंब भरली. रंग बाहेरून ओघळला, डब्यावरचे नाव-नंबर दिसेनासे झाले. डबा जिथे जिथे ठेवला तिथे तिथे लादीवर रंगाचे गोल कडे उमटले.

एवढ्यात आमची चार वर्षांची मुलगी मोरीतून बाहेर आली आणि तिचा पाय नेमका झाकणावर पडला. घाबरून ती आजीकडे धावली. मोरीपासून आजीच्या अंथरुणापर्यंत आकाशी रंगाची इवली इवली पावले उमटली. शेवटचे पाऊल उमटले लग्नासाठी शिवून घडी करून ठेवलेल्या नव्या गोधडीवर.

रात्री काम संपले तेव्हा वाकलेले झाकण डब्यावर ठेवून आम्ही वरून सरळ हातोडी मारली. खाचेतला रंग पिचकारीसारखा उडाला, तो नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर आणि आमच्या चष्म्यावर. डब्यात अजून तिसरा हिस्सा रंग शिल्लक होता. पुढे उपयोगी पडेल म्हणून डबा माळ्यावर चढवला. वर्षभराने खिडकीचे गज गंजले म्हणून तो खाली काढला, तर वर चामड्यासारखी जाड साय आणि खाली रबराचा गोळा! हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर वहीत शिल्लक दाखवलेला माल गोदामात शून्य निघाला. असे एखाद्या दुकानदाराने केले असते तर आम्ही त्याला चार शब्द सुनावले असते. इथे दुकानदारही आम्हीच आणि तपासनीसही आम्हीच.

आमच्या आईने तीस वर्षे परक्या घरची धुणीभांडी केली. शाळेची पायरी तिने पाहिली नाही. तिने तो डबा हातात घेतला, काठावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "लोणच्याच्या बरणीचा काठ पुसल्याबिगर दादरा बांधतं का रे कुणी?"

आम्ही गप्प बसलो. खरेच, आपल्या घरातली प्रत्येक बाई बरणीचा काठ पुसते. तेलाच्या बुधल्याचे तोंड पुसते. पिठाच्या डब्याचे झाकण भलत्या डब्याला लावत नाही. दुधाचे पातेले उघडे टाकून अंगणात जात नाही. ही विद्या घरात रोज चालू असते. पण आम्ही पुरुष मंडळी हातात ब्रश घेतला की ते 'मोठे काम' समजतो आणि स्वयंपाकघरातली शिस्त उंबऱ्याबाहेर ठेवतो.

आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर रंगकाम करणारे एक भाऊ राहतात. पंधराव्या वर्षापासून त्यांच्या हातात ब्रश आहे. त्यांना आम्ही हा प्रकार सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या आईनं रंगकामाचा पहिला धडा सांगितला. रंग भिंतीला लागला तर तो रंग. डब्याला, लादीला, झाकणाला लागला तर तो घाण." मग त्यांनी एका रविवारी आम्हाला समोर बसवून सगळे दाखवले. ते आम्ही इथे आपल्यापुढे मांडतो आहोत.

आधी झाकणाचे काम समजून घेऊ. पत्र्याच्या डब्याच्या तोंडाला गोल खाच असते आणि झाकणाची कड त्या खाचेत घट्ट बसते. दोन पत्रे एकमेकांना चिकटून राहतात म्हणून हवा आत जात नाही. खाचेत रंग सुकला की कड पूर्ण बसत नाही, फट राहते. ऑइलपेंट सुकतो तो हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन. म्हणून फटीतून हवा गेली की डब्यातल्या डब्यात रंगावर साय धरू लागते. डिस्टेंपर आणि ज्याला आपण प्लॅस्टिक पेंट म्हणतो तो इमल्शन, हे पाण्यातले रंग. त्यातले पाणी उडून गेले की ते सुकतात. फट राहिली की पाणी उडते आणि रंग घट्ट होत जातो. रंग कोणताही असो, त्याचा जीव झाकणात.

आता डबा उघडायची रीत. प्रथम झाकणावरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी, नाहीतर उघडताना सगळी धूळ रंगात पडते. मग चपट्या पेचकसाने एका जागी थोडे उचलावे, दोन बोटे पुढे सरकावे, पुन्हा थोडे उचलावे. असे गोल फिरत पूर्ण फेरी मारावी. एकाच ठिकाणी जोर केला की कड वाकते आणि वाकलेले झाकण पुन्हा कधी नीट बसत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीचे झाकण असेल तर कडेची पट्टी आधी पूर्ण काढावी आणि मग एकेक पाकळी सोडवावी. ओढाताण केली तर पाकळ्या तुटतात.

उघडलेले झाकण ठेवायचे कुठे, हा खरा प्रश्न. भाऊंचे उत्तर सोपे आहे. जुनी प्लॅस्टिकची पिशवी घ्यावी, झाकण तिच्यात घालावे आणि पिशवी खिळ्याला टांगावी. पाय पडत नाही, धूळ बसत नाही आणि झाकणाला लागलेला रंग लगेच सुकतही नाही. पिशवी नसेल तर फुटक्या परातीत ठेवावे, रंगाची बाजू वर करून. लादीवर मात्र कधीच नाही.

दोन-तीन डबे एकदम वापरायचे असतील तर डब्यावर आणि त्याच्या झाकणावर एकच खूण करावी, १, २, ३ अशी. हे आम्ही सहज सांगत नाही. हल्ली दुकानात यंत्रावर रंग तयार करून देतात आणि त्या रंगाच्या नंबराची चिठ्ठी बऱ्याचदा झाकणावरच चिकटवलेली असते. झाकणांची अदलाबदल झाली की चिठ्ठी एका रंगाची आणि डब्यात दुसराच रंग. पुढच्या वेळी दुकानदाराला चुकीचा नंबर दिला तर तोच रंग पुन्हा मिळायचा नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोठ्या डब्यात ब्रश बुडवायचा नाही. डब्यातला रंग तळापासून लाकडी पट्टीने नीट ढवळायचा, त्यातला अर्धा-पाऊण लिटर लहान डब्यात ओतून घ्यायचा आणि मोठ्या डब्यावर झाकण ठेवायचे. काम लहान डब्यातून करायचे. तो सांडला तर थोडेच सांडते, त्यात पोपडा पडला तर थोडाच रंग खराब होतो आणि शिडीवर तो हातात धरता येतो. ओतताना डब्याची लिहिलेली बाजू वर राहील असा डबा धरायचा, म्हणजे ओघळ मागच्या बाजूने जाईल आणि नाव-नंबर झाकला जाणार नाही. ओतून झाले की काठावरचा रंग ब्रशने लगेच टिपून घ्यायचा. तोच रंग भिंतीला लावायचा.

पत्र्याचा डबा असेल तर भाऊ आणखी एक करतात. खिळा आणि हातोडी घेऊन खाचेच्या तळाला पाच-सहा बारीक भोके पाडतात. खाचेत आलेला रंग त्या भोकांतून पुन्हा डब्यात उतरतो. झाकण बसले की भोके झाकणाच्या कडेखाली जातात, हवा आत शिरत नाही. लहान डब्याच्या तोंडावर ते आडवी तार बांधतात. ब्रश निथळायचा तो त्या तारेवर, काठावर नाही. पैशाचीही गरज नाही आणि दुकानात जायचीही गरज नाही.

लहान डब्यात शेवटी जो रंग उरतो त्याचे काय करायचे? त्यात पाणी किंवा टर्पेंटाईन घातले नसेल तर तो जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळून मोठ्या डब्यात ओतावा. पाणी घातलेला डिस्टेंपर किंवा इमल्शन मात्र परत ओतू नये. पाणी मिसळलेला रंग लवकर नासतो, त्याला घाण वास सुटतो आणि त्याच्यासोबत मोठा डबाही जातो. तो त्याच दिवशी माळ्याच्या आतल्या बाजूला किंवा दारामागच्या भिंतीला संपवून टाकावा.

आमच्यासारख्या एका खोलीच्या घरात आणखी एक पथ्य पाळावे लागते. घरात माणसे राहताहेत, चूल चालू आहे, पोरे खेळताहेत आणि त्यातच रंग चालू आहे. अशा वेळी रंगाला एक जागा नेमून द्यावी. एका कोपऱ्यात जुने पोते, त्यावर रद्दी, त्यावर डबे, ब्रश, पेचकस आणि फडकी. रंगाचे काहीही त्या पोत्याबाहेर जायचे नाही. जाईल ते फक्त हातातला लहान डबा. चहाला उठलो तरी लहान डब्यावर ओले फडके किंवा झाकण टाकूनच उठायचे. ब्रश डब्याच्या तोंडावर आडवा ठेवायचा नाही, कारण तो हमखास पडतो आणि पडताना डबाही लवंडतो. शिडीच्या माथ्यावर डबा ठेवायचा नाही. ठेवायचाच तर तारेच्या आकड्याने अडकवावा.

काम संपल्यावर घाई होते. पाठ दुखत असते, अंघोळ करावीशी वाटते. पण डब्याची खरी पाच मिनिटे हीच. प्रथम खाच फडक्याने गोल पुसून काढावी. झाकणाची कडही पुसावी. डब्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचा जाडसर तुकडा पसरावा आणि त्यावर झाकण बसवावे. झाकणावर लाकडाची फळी ठेवून फळीवर हातोडीने हलके ठोके मारावेत, एकदा इकडे, एकदा समोर. पत्र्यावर सरळ हातोडी मारायची नाही. आमच्या चष्म्याची आठवण ठेवावी! रंग पाव डब्याहून कमी उरला असेल तर तो तोंडोतोंड भरेल अशा लहान डब्यात काढावा. रंग कमी आणि वरची पोकळी मोठी असली की झाकण कितीही घट्ट लावा, आतली हवाच त्याला सुकवते.

मग डब्यावर जाड पेनाने लिहावे: कोणता रंग, कोणता नंबर, कुठल्या भिंतीला लावला, कोणत्या तारखेला डबा बंद केला. आत रंग कुठवर आहे तिथे बाहेरून रेघ मारावी, म्हणजे पुढे डबा न उघडता शिल्लक कळते. आम्ही याला 'डब्याचे खातेपुस्तक' म्हणतो. झाकणावर लिहू नये, पोटावर लिहावे. झाकण बदलू शकते, पोट बदलत नाही.

हे घरापुरते झाले. पण पाच खोल्यांची वर्गणी एकत्र येते तेव्हा गोष्ट आणखी गंभीर होते. २०१९ साली आमच्या चाळीचा जिना आणि पॅसेज रंगवायचे ठरले. घरटी पन्नास रुपये आणि ऐपत असेल त्याने जास्त, अशी वर्गणी जमली. हिशेब आमच्याकडे होता. पोरे उत्साही. एका सकाळी सहा जणांनी सहा बाजूंनी काम सुरू केले आणि ज्याने त्याने आपापला डबा फोडला. संध्याकाळी पाहतो तर सहाही डबे अर्धे आणि उघडे. तीन झाकणे जिन्याखाली, दोन पोरांनी चकत्या म्हणून फिरवली, एक सापडलेच नाही. त्यातून डबे दोन वेगवेगळ्या घाण्यांचे, म्हणजे वेगवेगळ्या बॅच नंबरचे निघाले. जिन्याच्या मध्यावर रंगाची छटा बदलली ती सगळ्यांना दिसू लागली. उरलेल्या रंगातला बराचसा आठवडाभरात वाळून गेला.

सभेत आम्ही खर्च वाचून दाखवला. पावत्या बरोबर, बेरीज बरोबर. तेव्हा तळमजल्यावरच्या मावशी उठल्या. त्या दोन घरी पोळ्या करतात. म्हणाल्या, "भाऊ, हिशेब बरोबर हाय. पर माझ्या पन्नास रुपयांचा रंग भिंतीला लागला का डब्यात वाळला, ते सांगा."

वाचकहो, या प्रश्नाला आमच्या वहीत रकाना नव्हता. पैसे कोणी खाल्ले नव्हते. पण मावशींचे पैसे गेले होते ते गेलेच होते. सार्वजनिक पैशाची अफरातफर झाली की आपण आरडाओरडा करतो, आणि करायलाच हवा. पण उघड्या झाकणातून जो पैसा उडून जातो त्याचा जाब कोण विचारणार? त्या दिवसापासून आम्ही ठरवले की अशा कामात एक माणूस 'डब्याचा' नेमायचा. त्याने ब्रश धरायचा नाही. डबा तोच उघडेल, एका वेळी एकच. सारख्या रंगाचे डबे वेगळ्या बॅचचे असतील तर ते आधी एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घेईल, म्हणजे छटा बदलणार नाही. लहान डब्यांत तोच वाटून देईल आणि संध्याकाळी झाकणे मोजून घेईल. पुढच्या खेपेला हे काम आम्ही त्या मावशींनाच दिले. त्यांनी पोरांना असे धाकात ठेवले की एक न फोडलेला डबा उरला आणि दुकानदाराने तो परत घेतला. तो आकडा आम्ही मोठ्या आनंदाने जमेत लिहिला.

आता शेवटची गोष्ट, आणि ती हसण्याची नाही.

आमच्या वस्तीत एका घरी ऑइलपेंटचे काम चालू होते. टर्पेंटाईनच्या डब्याचे बूच हरवले म्हणून कोणीतरी उरलेले टर्पेंटाईन शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून खिडकीत ठेवले. दुपारी तीन वर्षांचा मुलगा खेळून तहानलेला आला. त्याने पाणी समजून बाटली तोंडाला लावली. दोनच घोट गेले असतील. शेजारच्या बायकांनी घाबरून त्याला मिठाचे पाणी पाजले आणि उलटी काढली. हेतू चांगला होता, पण नेमके तेच करायचे नव्हते. टर्पेंटाईन, थिनर, रॉकेल असले पदार्थ पोटात गेले तर उलटी काढायची नसते. उलटी होताना ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो आणि जिवाला खरा धोका फुप्फुसालाच असतो. मुलगा खोकू लागला, धापा टाकू लागला. बरेच दिवस तो दवाखान्यात होता. वाचला, हे त्याच्या आईचे आणि आपल्या सर्वांचे भाग्य.

म्हणून माता-भगिनींनी हे पक्के लक्षात ठेवावे. असे झाले तर उलटी काढू नये, तोंडाने काही पाजत बसू नये, मुलाला तातडीने दवाखान्यात न्यावे आणि ती बाटली किंवा डबा सोबत न्यावा, म्हणजे पोटात काय गेले ते डॉक्टरांना लगेच कळेल. त्याहून चांगले म्हणजे अशी वेळच येऊ देऊ नये. टर्पेंटाईन आणि थिनर ज्या डब्यात आले त्याच डब्यात ठेवावे. पिण्याच्या बाटलीत कधीही नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. बूच हरवले तर काम थांबवून आधी बूच शोधावे.

हे पदार्थ पेट घेतात. गॅस, स्टोव्ह आणि शेगडीपासून ते दूर हवेत. माळ्यावर ठेवायचे तर चुलीच्या डोक्यावर ठेवू नये. काम करताना खिडक्या-दारे उघडी हवीत. ज्या फडक्याने जवसाचे तेल, वॉर्निश किंवा ऑइलपेंट पुसला तो बोळा करून कोपऱ्यात फेकू नये. तेल सुकताना उष्णता तयार होते. ती बोळ्यात कोंडली तर काडी न लावताही फडके पेट घेऊ शकते, विशेषतः जवसाच्या तेलाचे. फडकी बाहेर मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवावीत आणि मगच टाकावीत.

रिकाम्या डब्याबद्दलही दोन शब्द. रंगाची वीस लिटरची बादली आपल्याकडे फार मोलाची. धुऊन तिच्यात पाणी भरतात, कोणी तांदूळ ठेवतात. लादी पुसायला, झाड लावायला, वाळू वाहायला ती खुशाल वापरावी. पण पिण्याचे पाणी, धान्य, पीठ तिच्यात ठेवू नये. रंग नासू नये म्हणून त्यात जंतुनाशके घातलेली असतात आणि बादली कितीही घासली तरी ती खाण्यापिण्यासाठी केलेली नाही. माळ्यावर वीस वर्षांचा जुना ऑइलपेंटचा डबा सापडला तर तो काटकसर म्हणून पाळण्याला किंवा खेळण्याला लावू नये. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. सरकारने २०१६ साली नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरली, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग. नवा डबा घेताना त्यावर तसे लिहिलेले आहे का, ते वाचून घ्यावे. खराब झालेला रंग गटारात किंवा मोरीत ओतू नये. उरलेला थोडा रंग लाकडाच्या भुशात किंवा वाळूत कालवून मोकळ्या जागी पूर्ण वाळू द्यावा, मग टाकावा. पोरे तिथे जाणार नाहीत एवढे पाहावे.

भाऊ सांगतात की ठेकेदार नवा पोरगा कामाला घेतो तेव्हा त्याला भिंत रंगवायला देत नाही. संध्याकाळी डबे बंद करायला सांगतो. ज्याचे झाकण नीट बसते त्याच्या हाती दुसऱ्या महिन्यात ब्रश येतो. आपली कितीतरी मुले रंगकामाला जातात. त्यांच्या आई-वडिलांनी ही गोष्ट घरीच शिकवली तर मुलाचा तो एक महिना वाचेल.

मागच्या वर्षी आम्ही पुन्हा घर रंगवले. त्या आकाशी पावलांची मुलगी आता कॉलेजला जाते. डबे तिने सांभाळले आणि प्रत्येक डब्याच्या पोटावर तिच्या सुबक अक्षरांत रंग, नंबर, भिंत आणि तारीख लिहिली. आई आता थकली आहे, तिला नीट दिसत नाही. तरी माळ्यावर चढवण्याआधी तिने एकेक डबा जवळ मागून घेतला, काठावरून बोट फिरवले आणि बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. बोटाला रंग लागला नव्हता. "ठेव वर," ती म्हणाली.

असो. पुढच्या अंकात भेटूच.